घरचा डिटर्जंट, दारची विहीर

वस्तू व सेवा कराचे सुधारित दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, तेव्हा अंगाच्या साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट या वस्तू १८ टक्क्यांच्या टप्प्यातून ५ टक्क्यांच्या टप्प्यात आल्या. कपडे धुण्याची पावडर आणि द्रव डिटर्जंट मात्र १८ टक्क्यांवरच राहिले. दुसरीकडे, राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या आणि वर्षाला ४० लाख रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या उत्पादकाला या कराची नोंदणी बंधनकारक नाही. म्हणजे गावातील स्वयंसाहाय्य गटाने बनवलेल्या डिटर्जंटला मोठ्या कंपनीच्या मालासमोर कराच्या रूपाने थोडी सवलत आपोआप मिळते. घरच्या घरी डिटर्जंट बनवण्याला यातून बळ मिळणार असेल, तर ते स्वागतार्हच आहे. मात्र 'घरगुती' या शब्दाच्या आडोशाला नेमके काय बनते आणि धुऊन झाल्यावर ते कुठे जाते, हे प्रश्न गोव्यासारख्या राज्यात टाळता येणार नाहीत.

घरातून निघालेल्या धुण्याच्या पावडरीने भारताची बाजारपेठ एकदा बदलून दाखवली आहे. १९६९ मध्ये अहमदाबादेत सरकारी नोकरीतील रसायनतज्ज्ञ करसनभाई पटेल यांनी घरी पिवळी पावडर तयार केली आणि सायकलवरून दारोदार विकली. किलोला तीन रुपये हा त्यांचा भाव नामांकित पावडरीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका होता. ती पावडर म्हणजे 'निरमा'. दुसरे उदाहरण मुंबईचे. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपयांच्या उधारीवर सुरू केलेल्या 'लिज्जत'ने पुढे 'ससा' या नावाने डिटर्जंटही बाजारात आणला. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आरंभ घरगुती असला तरी मिश्रण अंदाजपंचे नव्हते. पटेल स्वतः रसायनशास्त्र शिकलेले होते, तर लिज्जतमध्ये पापडाचे पीठ एका ठिकाणी मळून मग सदस्य महिलांना लाटायला दिले जाते. माल आज एक आणि उद्या दुसरा, असे त्यांनी होऊ दिले नाही.

आज 'घरी बनवलेला डिटर्जंट' या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू येतात. पहिली म्हणजे किसलेला साबण आणि धुण्याचा सोडा यांचे मिश्रण. परदेशी कृतींमध्ये त्यात टाकणखारही असतो. शास्त्रीय अर्थाने हा डिटर्जंट नव्हे, साबणच आहे. दुसरी वस्तू रिठ्याची. त्याच्या टरफलातील सॅपोनिन हा फेसाळ घटक मळ सोडवतो. तिसरी वस्तू म्हणजे घाऊक बाजारातून आणलेली कारखानी रसायने एकत्र करून तयार केलेली पावडर किंवा द्रव. विक्रीसाठी बनणाऱ्या मालात हीच पद्धत सोयीची ठरते. बाजारात 'ॲसिड स्लरी' म्हणून ओळखले जाणारे दाट, तपकिरी आम्ल सोड्याने किंवा कॉस्टिक सोड्याने शमवले की कंपनीच्या पावडरीत असतो तोच मळ काढणारा घटक मिळतो. हा घटक पेट्रोलियमपासूनच येतो. तो घरात ढवळला म्हणून नैसर्गिक होत नाही.

या तिन्ही वस्तू सारख्याच पाण्यात सारखे काम करीत नाहीत. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतात आणि चिकट साका तयार होतो. तो कपड्याच्या धाग्यांत बसतो व पांढरा सदरा काही महिन्यांत करडा दिसू लागतो. सोडा हे क्षार काही प्रमाणात आधीच बाजूला काढतो, म्हणून साबणासोबत त्याची जोड उपयुक्त ठरते. हैदराबादसारख्या दख्खनच्या पठारावरील शहरात कूपनलिकेच्या पाण्यावर साबणाची ही कृती निराशा करते, त्याचे कारण पाण्यात असते. गोव्यातील जांभ्याच्या प्रदेशातील पाणी सर्वसाधारणपणे मृदू आहे. त्यामुळे साबण-सोड्याचे मिश्रण येथे बरे चालते. किनाऱ्यालगतच्या, उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरींचा मात्र याला अपवाद करावा लागेल.

नैसर्गिक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या उपायांचीही चिकित्सा व्हायला हवी. रिठा जड पाण्यातही फेसाळतो, रेशीम व लोकर यांना मानवतो. पण त्याचा काढा थोड्याच दिवसांत आंबतो, आणि सॅपोनिन माशांसाठी विषारी असल्याने ते पाणी ओहोळात सोडणे निर्धोक नाही. लिंबूवर्गीय फळांच्या साली तीन भाग, गूळ एक भाग आणि पाणी दहा भाग घेऊन तीन महिने आंबवलेले 'बायोएन्झाइम' लाद्या पुसायला चांगले आहे. कपड्यांचा तेलकट मळ सोडवण्याची ताकद त्यात फारशी नसते. ते आम्लधर्मी असल्याने साबणाच्या द्रावणात मिसळले तर साबण फुटतो आणि मेणचट थर वर येतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याच्या लोकप्रिय सल्ल्याचेही तेच. बुडबुडे भरपूर येतात, पण दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करतात. द्रव डिटर्जंटचा दाटपणा हाही असाच फसवा निकष आहे. काही मिश्रणांत चिमूटभर मीठ वाढवले की द्रव दाट होतो. ग्राहकाला त्यात ताकद दिसते, प्रत्यक्षात मळ काढणारा घटक तेवढाच असतो.

गोव्यापुरता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. राज्यात मलनिस्सारण वाहिन्यांचे जाळे पणजी, मडगाव, वास्को यांसारख्या शहरांच्या काही भागांपुरते आहे. बाकीच्या घरांचे सांडपाणी सेप्टिक टाकीत, शोषखड्ड्यात किंवा थेट परसात जाते. धुण्याच्या दगडावरचे पाणी माडाच्या किंवा केळीच्या मुळाशी सोडण्याची रीत जुनी आणि शहाणपणाची आहे. मात्र ती राख, रिठा आणि मोजक्या साबणाच्या काळात रुजली. राखेतील खार पोटॅशियमचा, तो झाडाला पोषक. धुण्याच्या सोड्यातील सोडियम मातीत साठत गेला तर चिकणमातीचे कण सुटे करतो, माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. टाकणखारातील बोरॉन माडाला अल्प मात्रेत लागतो, पण मात्रा वाढली की तोच अपाय करतो.

सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत पावसाळ्यात बरेच काही वाहून जाते, हे खरे. पण नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत हे क्षार जागच्या जागी साचतात. जांभा सच्छिद्र आहे, त्यामुळे शोषखड्ड्यातील पाण्याला शेजारच्या विहिरीपर्यंत जायला फार अडथळा नसतो. ॲसिड स्लरीपासून बनलेला घटक हवेच्या संपर्कात जीवाणूंकडून लवकर विघटित होतो. सेप्टिक टाकीत हवा नसते, तेथे हे विघटन जवळपास थांबते. म्हणून 'आमची पावडर विघटनशील आहे' हे विधान महानगरातील प्रक्रिया प्रकल्पाच्या बाबतीत खरे ठरले, तरी वाड्यावरच्या टाकीच्या बाबतीत खरे ठरेलच असे नाही.

याची दखल इतरत्र घेतली गेली आहे. युरोपीय संघाने २०१३ च्या मध्यापासून घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमधील फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली, कारण फॉस्फेटमुळे जलाशयांत शेवाळ माजते आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. यमुनेवरील फेसाच्या प्रश्नात राष्ट्रीय हरित लवादाच्या निर्देशांनंतर जून २०२१ मध्ये दिल्ली सरकारने भारतीय मानक ब्युरोच्या निकषांत न बसणाऱ्या डिटर्जंटची विक्री, साठवण व वाहतूक यांवर बंदी आणली. असा आदेश उद्या अन्य राज्यांत निघाला, तर पहिला फटका मोठ्या कंपन्यांना बसणार नाही. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत. फटका बसेल तो शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात चार डझन बाटल्या घेऊन बसणाऱ्या महिलेला. तिच्या मालाचा दर्जा सिद्ध करण्याची सोय आधीच उभी करणे हे म्हणूनच तिच्याच हिताचे आहे.

वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, निर्मितीचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत हा तपशील वेष्टनावर असावा लागतो. घरगुती मालावर त्यापुढे जाऊन आणखी तीन ओळी असायला हव्यात. आत काय आहे, बादलीला किती घालावे आणि डोळ्यांत गेल्यास किंवा मुलाने गिळल्यास काय करावे. सोडा जास्त झालेल्या पावडरीने हाताची कातडी सोलवटते आणि रेशीम-लोकर खराब होते, याची सूचना ग्राहकाला मिळाली पाहिजे. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत द्रव डिटर्जंट भरून विकण्याची सवय तर आजच थांबवण्याजोगी आहे.

प्रशिक्षण देणाऱ्या यंत्रणांची जबाबदारीही इथेच सुरू होते. मिश्रणाचे प्रमाण शिकवताना आम्ल नेहमी पाण्यात सोडावे, पाणी आम्लावर ओतू नये, हातमोजे व चष्मा असल्याशिवाय कॉस्टिक सोड्याला हात लावू नये, स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नयेत, हा पहिला धडा असला पाहिजे. सामू तपासण्याची पट्टी स्वस्त असते. प्रत्येक घाण्याचा एक नमुना तारीख लिहून बाजूला ठेवायला खर्च येत नाही. वर्षातून एकदा नमुन्यांची तपासणी अल्प शुल्कात करून देण्याचे काम राज्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे सोपवता येईल. त्याच वेळी गावातील दोन-चार विहिरींचे पाणीही तपासले गेले, तर अंदाजाऐवजी नोंदी हाती येतील.

स्वतःच्या कुटुंबापुरता साबण किसून त्यात सोडा मिसळणाऱ्या गृहिणीला या सगळ्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मापाने सोडा घालावा, धुण्याचे पाणी रोज एकाच झाडाला न देता आळीपाळीने फिरवावे, विहिरीच्या काठावर कपडे धुऊ नयेत, एवढे पथ्य पुरेसे आहे. विक्रीचा माल करणाऱ्या गटाकडून अपेक्षा त्याहून अधिक राहणार. कराच्या सवलतीमुळे मिळणाऱ्या चार पैशांपैकी एखादा पैसा तपासणीवर आणि लेबलवर खर्च झाला, तर ग्राहक पुन्हा त्याच गटाकडे येईल आणि त्याच्या परसातील विहिरीचे पाणीही पिण्याजोगे राहील.