वैद्याचें मौन

रात्रीचें जेवण आटोपलें म्हणजे आमच्या घरांतील लहानथोर मंडळी दूरचित्रवाणीपुढें जमतात. सध्यां एका रुग्णालयाच्या मालिकेनें सर्वांस वेड लावलें आहे. परवां तींतील तरुण डॉक्टराच्या हातून रोगी दगावला आणि नातलगांनीं त्याची गचांडी धरली. धाकट्या सूनबाई डोळे पुसूं लागल्या. नातू म्हणाला, "आजोबा, खऱ्या डॉक्टरांना एवढें वाईट वाटतें का हो?" मला उत्तर देववेना.

सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी नुकताच शाळेंत लागलों होतों. वैशाखांत येथें बुरोंडीस जांभ्याचा गडगा रचतांना माझ्या एका विद्यार्थ्यास लाल विंचू डसला. विंचू उतरविणाऱ्याकडे आम्हीं दोन प्रहर दवडले; मग डॉक्टरांकडे नेलें. अंग घामानें थबथबलेलें, हातपाय गार, छातींत घरघर. पहांटे मुलगा गेला. त्या वेळीं दारांत उभें राहून डॉक्टरांस अद्वातद्वा बोलणाऱ्यांत मीहि होतों. ते खालीं मान घालून उभे राहिले. एक अक्षर बोलले नाहींत.

पुढें वाचनांत आलें कीं, त्या काळीं ह्या विषावर खात्रीचा उपाय कोणापाशींच नव्हता. 1976 सालीं डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत आले, तेव्हां गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांतील सुमारें चाळीस दगावत. रोग्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं लक्षणें टिपलीं. विषानें रक्तवाहिन्या आकुंचित होतात, हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें. ह्यावर त्यांनीं रक्तदाब उतरविणारें प्राझोसिन हें औषध योजिलें. वाचकहो, त्या क्षणाचा विचार करा. औषध द्यावें, तर ग्रंथाचा आधार नाहीं. रोगी गेल्यास "डॉक्टरानें मारला" असें लोक म्हणणार. न द्यावें, तर तो डोळ्यांदेखत जाणार! 1986 सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढें मृत्यूचें प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरलें. 2022 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

मालिकेंतील डॉक्टराचें दुःख अर्ध्या तासांत आटोपतें. खऱ्या वैद्यास तें पोटांत घालून लगेच दुसऱ्या खाटेपाशीं जावें लागतें. त्याच्या मौनास आपण निर्दयपणा समजतों; आणि आपण दवडलेल्या दोन प्रहरांचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाहीं.

दुसरे दिवशीं नातवास ही हकीकत सांगितली, माझ्या बोलण्यासकट. तो म्हणाला, "मग तुम्ही त्यांची क्षमा मागितलीत?"

महिन्याभरांतच त्यांची बदली झाली होती. ती मागावयाची राहिली, ती येथें मागतों.