सोबतीला कोण आहे?

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या तेरखेड्यातल्या ऑनलाइन सेंटरवर टेकायला जागा मिळत नाही. परवा सातबारा काढायला गेलो, तर माझ्या पुढं एक मुलगी आणि तिचे वडील बसलेले. दहावीला एक्क्याऐंशी टक्के. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता. पॉलिटेक्निकचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. सेंटरवाल्या पोरानं विचारलं, ‘पहिलं काय टाकू?’ ती म्हणाली, ‘धाराशिव. मेकॅनिकल.’ वडील रागावले नाहीत. फी किती, पुढं नोकरी लागंल का, यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, ‘सोबतीला कोन हाय?’

कोणीच नव्हतं. पोरानं माउसवरचा हात काढून घेतला आणि मागच्याला म्हणाला, ‘तुमचं काय होतं, सातबारा का?’

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलोय. लेकीला अडवायची ही सभ्य रीत आहे, असं माझं मत होतं आणि तसं मी या सदरात लिहिलंही आहे. आता ते मत मला अर्धवट वाटतं. अडवण्यासाठी हा प्रश्न वापरला जातो, हे खरंच आहे. पण इंजिनिअरिंगला गेलेल्या बायकांच्या गोष्टी वाचत गेलं, की ज्या टिकल्या त्यांच्या मागं या प्रश्नाचं काहीतरी उत्तर सापडतं.

देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक, ए. ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील पप्पू सुब्बाराव मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी खटपट करून लेकीला इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळवून दिला. शेकडो मुलांत ही एकटी. मुलांनी त्रास दिला असं काही नाही, पण वसतिगृहात बोलायला माणूस नव्हतं. मग सुब्बारावांनी जे केलं ते मला फार आवडतं. मुलीला धीर धर म्हणून पत्र लिहीत बसले नाहीत. मुलींसाठी प्रवेश खुला आहे अशी जाहिरात कॉलेजनं द्यावी, हे त्यांनी पटवलं. त्यातून लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धात तिघी पदव्या घेऊन बाहेर पडल्या. पदवीच्या छापील कागदावर ‘ही’ होतं, ते खोडून हातानं ‘शी’ करावं लागलं. पुढं ललिताबाईंनी भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांच्या आराखड्यांवर काम केलं, तर थ्रेसिया केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १९७१ साली मुख्य अभियंता झाल्या. एका बापानं लेकीसाठी सोबत शोधली, आणि त्या सोबतीतून केरळला मुख्य अभियंता मिळाली.

काहींना ही सोबत घरातच असते. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलच्या पदवीधर झाल्या. वडील एस. बी. जोशी स्वतः पूल बांधणारे नामवंत अभियंते, नवराही इंजिनिअर. नवरा-बायकोनं मिळून क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली आणि कारखान्यात तयार केलेले सुटे भाग जोडून डोंगरदऱ्यांत पूल उभे केले. सुरुवात १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीत झाली. बाईंची बुद्धी बापाकडून उसनी आणलेली नव्हती. पण जेवताना ताटापुढं पुलाची गोष्ट निघणं हेही शिक्षणच असतं, आणि ते आमच्या भागात कोणाच्या घरी आहे?

सुधा मूर्तींची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. टेल्कोची जाहिरात, स्त्रियांनी अर्ज करू नये ही ओळ, जे. आर. डी. टाटांना टाकलेलं पोस्टकार्ड. गॅदरिंगमध्ये हे दर वर्षी ऐकायला मिळतं. त्यांनीच सांगितलेली दुसरी गोष्ट कोणी भाषणात घेत नाही: हुबळीच्या त्यांच्या कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. पोस्टकार्डावर टाळ्या मिळतात, स्वच्छतागृहावर मिळत नाहीत.

आपल्याकडचं सगळ्यात ठळक नाव साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचं. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि १९८६मध्ये रेल्वेत सहायक चालकासाठी अर्ज केला. परीक्षेला नि मुलाखतीला गेल्या तर बाई म्हणून त्या एकट्याच. पुढं मालगाडी, लोकल, ८ मार्च २०११ला डेक्कन क्वीन आणि १३ मार्च २०२३ला सोलापूर ते मुंबई वंदे भारत. ती बातमी आली तेव्हा आमच्या लोकांना विशेष कौतुक, कारण सोलापूर म्हणजे आपल्या उंबऱ्यालगतचं. सप्टेंबर २०२५मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यामागून कितीतरी मुली इंजिनात चढल्या. त्यांच्या पुढं मात्र कोणी नव्हतं, आणि असं एकटीनं रेटणं सगळ्यांनाच जमेल, असं धरून चालणं मला क्रूरपणाचं वाटतं.

हे मी कोरड्या अंगानं बोलत नाही. मी स्वतः डिप्लोमा केलाय, त्याला आता चाळीस वर्षं झाली. आमच्या वर्गात एकच मुलगी होती. प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरनं पडायच्या. लेथवर आम्ही, आणि ती बाजूला उभी राहून रीडिंग लिहून घ्यायची, कारण तिचं अक्षर चांगलं, असं आम्हीच ठरवलं होतं. दुसऱ्या वर्षाला ती आली नाही. ‘लग्न ठरलं असेल’ म्हणून आम्ही विषय संपवला. वर्षभर एका वर्गात बसलो, पण ती डबा कुठं खायची, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता सरकारनं दार बरंच उघडलंय. प्रवेशात ३० टक्के जागा मुलींना राखीव आहेत. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार देते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. एवढं होऊनही देशभरात बी.टेक.च्या वर्गात दहा जणांत मुली तीनच्या आसपास, आणि मेकॅनिकलला तर वर्गात शोधाव्या लागतात.

फक्त मुलींची कॉलेजं हा एक मार्ग. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९१मध्ये कमिन्स कॉलेज काढलं, लातूरला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. तिथं ‘तू लिहून घे, मशीन मी बघतो’ म्हणायला कोणी नसतं, त्यामुळं चक आवळायचा तर मुलीनंच. हा फायदा मोठा आहे. पण साइटवर शेवटी कंत्राटदार, मिस्त्री आणि सुपरवायझरच असतात, आणि तिथं ती पुन्हा एकटी.

सोबतीनं नेमकं काय होतं ते बघायला मला लांब जावं लागत नाही. धुळे-सोलापूर हायवेनं आमच्या गावाजवळून जाणाऱ्याला फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसतात. मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात आम्हाला. दुकानामागचे हात बायकांचे आहेत. पुठ्ठ्याच्या डबीवर सुतळीचे वेढे घालायचे, खळ लावायची, उन्हात वाळवायचं, मजुरी नगावर. एका शेडपाशी नव्यानं आलेल्या सुनेला एक म्हातारी दटावत होती, ‘नायलॉनचं नेसून येऊ नगंस. सुती नेस. अन् बांगड्या उतरव.’ का, ते तिनं सांगितलं नाही. घासली गेली की नायलॉनच्या कापडात स्थिर वीज साठते आणि दारूजवळ एक ठिणगी पुरते, हा धडा पुस्तकात असतो. या म्हातारीनं तो कोणाकडून तरी ऐकला आणि पुढं दिला. मी या शेडचे गोडवे गाणार नाही. इथं स्फोट झालेत, माणसं गेलीत, नगावरच्या मजुरीत पोट भरत नाही. पण नवी बाई पहिल्या दिवशी एकटी बसत नाही, तिच्या शेजारी कोणीतरी जुनी असतेच. फटाक्यांच्या कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या स्फोटकं सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं, मुख्यालय आपल्याच राज्यात नागपूरला आहे. या म्हातारीची नात त्या संघटनेची निरीक्षक होऊन शेडमध्ये यावी, असं मला फार वाटतं.

तोवर प्राचार्यांकडं माझं एकच मागणं आहे आणि त्याला छदाम लागत नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरनं पाडणं बंद करा. साठच्या वर्गात चार मुली असल्या तर चौघी चार बॅचेसमध्ये विखुरतात, तसं न करता निदान दोन-दोन एकत्र ठेवा. एका प्राचार्यांना हे सुचवलं तर म्हणाले, ‘मुलींना वेगळी वागणूक दिल्यासारखं होईल.’ वेगळी वागणूक तर रोल नंबर आधीच देतोय, साहेब.

सेंटरवर त्या दिवशी सातबारा बाजूला ठेवून मी एक फोन लावला. शेजारच्या गावातली एक मुलगी धाराशिवलाच मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन पोरीच्या हातात दिला. वडील कान देऊन होते. मला वाटलं, ती सिलॅबस विचारेल, सर कसे आहेत विचारेल, फार तर वर्गात मुली किती ते विचारेल.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘रूमवर पानी कितव्या दिवशी येतं?’

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं होतं. मधेच ही हसली. वडिलांनी माउसवाल्या पोराकडं बघून मान हलवली, आणि मग मला म्हणाले, ‘तुमचा नंबर पुढं होता का ओ, भाऊ?’