मद्य, निराशा आणि उघडें दार

उन्हाळ्याची सुटी संपली म्हणजे आमच्या शाळेंतून उत्तीर्ण झालेलीं कित्येक मुलें उच्च शिक्षणासाठीं घर सोडून शहरांत जातात. आई चिवडा-लाडवांचे डबे भरून देते, वडील पैशांची तजवीज करतात, आणि आम्ही शिक्षक उपदेश करतों. त्या उपदेशांत ‘दारूस शिवूं नकोस’ हें वाक्य असतेंच. तें वाक्य खरें आहे. परंतु तें अपुरें आहे, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

२०२२ सालीं भारतांत १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आहे, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची आहे. या प्रत्येक मृत्यूस दारूच कारण झाली असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षेंतील अपयश, कर्ज, प्रेमभंग, अपमान, मनाचा आजार अशीं अनेक कारणें एकत्र येतात. परंतु अशा दुःखांत दारूची भर पडली म्हणजे धोका फार वाढतो.

दारूनें दुःख बुडतें असा समज आहे. वस्तुतः बुडतो तो विवेक. प्रारंभीं किंचित् हुशारी वाटते. मग मेंदू मंदावतो, झोप मोडते, उदासी वाढते, आणि पुढचा विचार करण्याची शक्ति क्षीण होते. मरणाची अनावर इच्छा ही बहुधा लाटेसारखी असते. कांहीं मिनिटांत अथवा तासांत ती ओसरते. ती ओसरेपर्यंत मनुष्यास आवरून धरणारा जो विवेक, त्यालाच दारूनें निजविलेलें असतें.

आणखीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्रांत कायद्यानें कडक दारूसाठीं २५ व बिअरसाठीं २१ वर्षांची मर्यादा घातली आहे. तेव्हां महाविद्यालयांत नुकताच गेलेला मुलगा पितो तो चोरूनच पितो; आणि चोरून पिणाऱ्यास संकटसमयीं कोणाला हांक मारण्याचा धीर होत नाहीं, कारण हांक मारली कीं चोरी उघडकीस येते.

हें आम्हांस एका प्रसंगानें शिकविलें. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक माजी विद्यार्थी रात्रीं आमच्या दारीं आला. तोंडाला दारूचा वास येत होता. आम्हीं त्यास उंबऱ्याबाहेरच खडसाविलें, ‘शुद्धीवर आल्यावर ये’ असें सांगितलें व दार लाविलें. तो काय सांगावयास आला होता, हें दुसऱ्या दिवशीं त्याच्या मित्राकडून कळलें. त्या मित्रानें त्यास रात्रभर एकटें सोडलें नाहीं, आणि पहाटे त्याच्या वडिलांना बोलावून आणिलें. तो मुलगा आज सुखरूप आहे. परंतु तो आमच्या उपदेशानें वाचला नाहीं, मित्राच्या जागरणानें वाचला.

पवित्र शास्त्रांतील एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भयानें अरण्यांत पळाला, एका झुडपाखालीं बसला, आणि त्यानें देवाजवळ मरण मागितलें. देवदूतानें त्यास दोष दिला नाहीं. त्यास भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, आणि पुन्हां उठवून खावयास घातलें. प्रश्न मागाहून आले. आपल्या देशाच्या कायद्यानेंही तोच मार्ग धरला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणें आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावांत आहे असें गृहीत धरावयाचें असतें. आणि त्याची शुश्रूषा व उपचार हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी घर सोडून निघेल तेव्हां दारूपासून दूर राहण्यास अवश्य सांगा. पण त्याबरोबर ‘चुकी झाली तरी आधीं घरीं फोन कर, रागावणें मागाहून पाहूं’ हेंही सांगा. आणि दिलेला शब्द पाळा.

विद्यार्थ्यांनो, मित्र मरणाची भाषा बोलूं लागला तर ती थट्टा समजूं नका. तो प्यायलेला असेल तर मुळींच समजूं नका. त्यास सरळ विचारा, एकटें सोडूं नका, मोठ्या माणसास बोलवा. ‘कोणास सांगणार नाहीं’ असें वचन दिलें असेल तर तें मोडा. त्यांत पाप नाहीं. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, व तेथें मराठींतही बोलतां येतें.

त्या रात्रीनंतर आमचें दार कोणाही विद्यार्थ्यावर लागलें नाहीं. हा अंक ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हातीं पडेल, त्यांनींही हें ध्यानांत ठेवावें.