मूळचे कोण?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय, आणि खरं सांगायचं तर रागावून बसलेय. नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी चालेल.

गेल्या महिन्यात इथे नाशकातच भाचीच्या लग्नाची बोलणी होती. मुलगा चांगला, दोन्ही घरं तीन-चार पिढ्यांची ख्रिस्ती. सुरुवात प्रार्थनेनं झाली. मुलाच्या काकांनी साक्ष दिली. प्रभूनं दारू कशी सोडवली, नवा जन्म कसा झाला, सगळं सांगितलं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले आणि ते खोटं नव्हतं. मग चहा आला. कपात बिस्कीट बुडवता बुडवता त्याच काकांनी विचारलं, "बाकी, तुम्ही मूळचे कोण?"

आमच्या दादानं गावाचं नाव सांगितलं.

"तसं नव्हे हो. त्याच्या आधीचं विचारतोय."

आठ दिवसांनी निरोप आला की प्रभूची इच्छा दिसत नाही.

आता मला सांगा, ही इच्छा नक्की कुणाची? आपल्याकडे आत्मिक वाढ मोजायची काही ठरलेली मापं आहेत. वर्षातून किती उपासप्रार्थना केल्या, किती शिबिरांना गेलो, पवित्र शास्त्र किती वेळा वाचून काढलं, साक्ष देताना किती रडलो. या गोष्टी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मीही करते. पण यातलं सगळं करूनही माणूस 'मूळचे कोण' विचारू शकतो, म्हणजे आपलं मापच कुठेतरी चुकतंय.

यावर मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्या आपल्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात चालायची नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाईंवर आभाळच कोसळलं. मुलाला घेऊन त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळंओवळं घेऊनच. मग केव्हातरी त्यांनी स्वतःशी विचार केला, की ही जात देवानं केली का माणसानं? उत्तर मिळालं तसं त्या वागल्या. कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. लक्षात घ्या, तोवर त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो झाला १९०० मध्ये.

म्हणजे बाईंनी आधी पाण्याचा हंडा सगळ्यांना मोकळा केला आणि बाप्तिस्म्याचं पाणी नंतर घेतलं. आपण उलटं केलंय. बाप्तिस्म्याचं पाणी आजोबा-पणजोबांनीच घेऊन ठेवलंय, म्हणून आपल्याला काही सोडावंच लागलं नाही.

'स्मृतिचित्रे' आपल्या बहुतेक घरांत असतं. त्यातले गमतीचे प्रसंग आपण एकमेकांना हसत हसत सांगतो आणि हा प्रसंग मात्र पटकन ओलांडून पुढे जातो.

टिळकांचंही बघा. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या माणसांना तिथे जागा होती. दोन वर्षांत ते वारलेच. पन्नाशी उलटल्यावरही हा माणूस अजून काही सोडत होता. याला मी वाढ म्हणते. 'अमुक तारखेला माझा नवा जन्म झाला' म्हणून त्यावर आयुष्यभर बसून राहणं याला वाढ कसं म्हणायचं? जन्मलेलं मूल पाळण्यातच राहिलं तर आपण डॉक्टरकडे नेतो ना?

यावर उत्तर तयार असतं, ते मला पाठ आहे. "अगं, तारण कृपेनं होतं, कर्मानं नाही." कबूल. पण कृपा झालेल्या माणसालाही चुकताना तोंडावर सांगावं लागतं, हे शास्त्रातच आहे. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमेची माणसं आल्यावर पंगतीतून मागे सरकला. पेत्र म्हणजे कुणी नवखा विश्वासणारा नव्हे! पौलानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. तिथे भांडण झालं ते जेवणाच्या पंगतीवरून, आणि पौलाच्या लेखी ते शुभवर्तमानाचंच भांडण होतं.

दुसरं उत्तर असतं, "जात नाही गं, पण चालीरीती जुळायला नकोत का?" कुठल्या चालीरीती? उपासना एक, गीतं एक, नाताळच्या करंज्या एक. न जुळणारं जे काही उरतं त्याचं नाव घ्यायची लाज वाटते, म्हणून त्याला चालीरीती म्हणायचं.

इथे शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. ट्रॅफिकला शिव्या देतो. शरणपूर हे नाव १८५०च्या दशकात वसवलेल्या ख्रिस्ती वसाहतीचं आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे राहिली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. ज्याला कुणी नाही त्यानं यावं म्हणून वसवलेली ही जागा. त्या रस्त्यावरच्या घरात बसून आपण विचारतो, मूळचे कोण.

आता माझी साक्ष. चार वर्षांपूर्वी आमच्याच घरात, आमच्याच पुतण्याच्या वेळी, हाच प्रश्न आमच्या बाजूनं विचारला गेला होता. चहाचा ट्रे माझ्या हातात होता. समोरच्या मुलीच्या आईचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि आत जाऊन साखर आणली. एक शब्द बोलले नाही. त्या रविवारी उपासनेला गेले, प्रभुभोजनही घेतलं. त्यामुळे मुलाच्या काकांवर मला फार रागावता येत नाही. माझा राग माझ्यापासूनच सुरू होतो.

भाची मला म्हणाली, "मावशी, आपण ख्रिस्ती झालो ते नक्की कशासाठी?" तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या बैठकीत कुणीही, आपल्याकडचं किंवा त्यांच्याकडचं, 'मूळचे कोण' विचारलं तर मी ट्रे खाली ठेवून बोलणार आहे. मोठ्यांचा मान राखून बोलेन, पण बोलेन. दादा, वहिनी, तुम्ही हे वाचताय. आधीच सांगून ठेवतेय.