लाल दिवा काय सांगतो?

निदान होण्याआधीच औषध घेणाऱ्याला आपण अविचारी म्हणतो. पण मोटारीच्या बाबतीत आपण सर्रास तेच करीत असतो. गाडी धावत असताना चालकापुढील फलकावर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा लागला, की ‘बॅटरी गेली’ असा निकाल मालकापासून शेजारी उभ्या असलेल्या बघ्यापर्यंत प्रत्येकजण देऊन मोकळा होतो. नवी बॅटरी बसते, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी तोच दिवा पुन्हा डोळे वटारतो. माझ्या मते हा दोष गाडीपेक्षा आपल्या वाचनाचा अधिक आहे.

इंजिन सुरू झाल्यावर गाडीला लागणारी वीज अल्टरनेटर तयार करतो आणि बॅटरीही भरून काढतो. हे भरण्याचे काम बिघडले, की दिवा लागतो. कणगीत धान्य पडणे थांबले आहे, एवढेच तो सांगत असतो. अशा वेळी नवी कणगी विकत आणून काय साधणार? चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हाच दिवा लागतो ते मात्र योग्यच होय. त्या वेळी तो लागलाच नाही, तर तोही दोषच समजावा.

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत ओलांडले, की आमचे भांडगाव लागते. येथून भाजीपाला भरून पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघणाऱ्या टेम्पोवाल्याच्या दृष्टीने हा प्रश्न पोटाचा आहे. नव्या बॅटरीला काही हजार रुपये पडतात. ते मोजूनही गाडी अंधारात रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तर माल जातो, भाडे जाते आणि भरधाव वाहनांमुळे जीवही धोक्यात येतो.

आणि निदान तरी किती अवघड आहे? इंजिन बंद करून प्रथम अल्टरनेटरचा पट्टा पाहावा. तो सैल किंवा तुटका असेल, तर चोर तेथेच सापडला. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. तेथे पट्टा तुटल्यावर गाडी पुढे रेटली, तर इंजिन तापून मोठाच खर्च उभा राहतो. मग बॅटरीची टर्मिनले पाहावीत. त्यांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी आणि ढिली पकड विजेची वाट अडवते. खाण्याचा सोडा व कोमट पाणी यांनी ती स्वच्छ होतात. वायर सोडताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून गाडीच्या लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

यानंतर मीटर लावावे. काही तास उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी समजावी. इंजिन चालू केल्यावर आकडा बहुधा १३.८ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. तो बाराच्या आसपासच घुटमळला, तर पट्टा, वायर, अल्टरनेटर किंवा त्याचा रेग्युलेटर तपासावा. पुष्कळदा केवळ झिजलेले कार्बन बदलून काम भागते. पंधराच्या वर गेला, तर बॅटरी वाजवीपेक्षा जास्त भरून तिचे पाणी उडते. नव्या गाड्यांत संगणक हा दाब कमी-जास्त करतो, म्हणून तेथे कंपनीचे आकडे पाहावेत. आकडा योग्य असूनही गाडी सकाळी सुरू होत नसेल, तर दोन शक्यता उरतात : बॅटरी खरोखर थकली आहे, किंवा रात्री कोठेतरी वीज झिरपते आहे. डिकीत जळत राहिलेला पाच वॅटचा बल्बसुद्धा ३५ अँपियर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिती करू शकतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर ‘तपासण्याची’ रीत अजूनही रस्त्याकडेला दिसते. ती बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या क्षणी विजेचा दाब उसळून नाजूक भाग जळू शकतात.

प्रश्न केवळ पैशांचाही नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिसे व आम्ल यांची ही बॅटरी तयार केली. आजही बहुसंख्य गाड्यांत तीच आहे. अकाली फेकलेली प्रत्येक बॅटरी म्हणजे काही किलो शिसे. ते उघड्यावर वितळवले, तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी २००१ च्या व पुढे २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे; ती भंगारात न देता अधिकृत विक्रेत्याकडेच परत करणे आपल्या हातात आहे.

कोणी म्हणेल, हे मिस्त्रीचे काम. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यात कशाला पडावे? मित्रहो, पाना हाती घ्या असा माझा आग्रह नाही. परंतु लक्षण आणि कारण यांतील भेद ओळखणे हे तर्कशास्त्राच्या तासाला शिकायचे आणि गॅरेजच्या दारात विसरायचे, हे मला पटत नाही. ‘मीटर लावून पाहिलेत का? आकडा किती आला?’ हे दोन प्रश्न विचारायला विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. चांगल्या मिस्त्रीला त्यांचा राग येत नाही. उलट, त्याच्या कौशल्याची कदर होते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. काहीशे रुपयांचे एक मीटर महाविद्यालयाने घ्यावे आणि परिसरातील एखाद्या जाणत्या मिस्त्रीला वर्षातून एक दिवस व्याख्याता म्हणून मानाने बोलवावे. प्राध्यापकांच्या गाड्या आवारात उभ्या असतातच. पहिल्या प्रात्यक्षिकाला त्या पुरेशा आहेत.