औचित्याचा प्रश्न आणि नवा लाइनबॅकर

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस नव्या खेळाडूंची निवड होते. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ३२ संघ, सात फेऱ्या आणि तीन दिवस असा तिचा पसारा असतो. आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्या संघाला पहिली पाळी मिळते. १९३६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात सुरू झालेला हा व्यवहार आता इतका लोकप्रिय झाला आहे की, २०२४ साली डेट्रॉइटमध्ये तो पाहण्यासाठी तीन दिवसांत सात लाखांहून अधिक माणसे जमली. तेथे खेळ होत नाही. केवळ नावे पुकारली जातात. नाव पुकारले जाताच निवाडे सुरू होतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत प्रत्येक निवडीला परीक्षेसारखी श्रेणी मिळालेली असते, आणि रसिकांनी तर ती आदल्या रात्रीच देऊन टाकलेली असते.

या निवाड्यांकडे साहित्याच्या अभ्यासकांनी दुर्लक्ष करू नये, असे आम्हांला वाटते. ती एक प्रकारची लोकसमीक्षाच आहे. तिला स्वतःची परिभाषा आहे, पूर्वसूरींचे दाखले आहेत, आणि वादाची रीतही आहे. नवा खेळाडू लाइनबॅकर असला की ही समीक्षा विशेष अटीतटीची होते. याचे कारण त्या जागेच्या स्वरूपात आहे.

बचाव करणाऱ्या संघाचे अकरा खेळाडू साधारणपणे तीन फळ्यांत उभे असतात. पुढे तीन किंवा चार धिप्पाड गडी. त्यांनी समोरच्या तितक्याच धिप्पाड माणसांना अंगावर घ्यायचे. मागे चपळ धावणारे. त्यांनी लांबवरच्या फेकी अडवायच्या. या दोहोंच्या मध्ये लाइनबॅकर. चेंडू घेऊन कोणी धावत आले तर त्याला आडवे करणे, जवळची फेक अडवणे, आणि प्रसंगी प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारावर, चालून जाणे ही तिन्ही कामे त्याची. यांतले कोणते केव्हा करायचे, हे त्याला एखाद्या क्षणात ठरवावे लागते. २००८ सालापासून बचावातील एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येणारे यंत्र बसवण्याची मुभा आहे, आणि बहुधा तो मान मधल्या लाइनबॅकरला मिळतो. सूचना ऐकायची, ती इतरांना सांगायची, आणि समोरची मांडणी पाहून ती ऐन वेळी बदलायची. अशा माणसाचे मोल धावण्याच्या वेगावरून वा उंचीवरून ठरवणे अवघड असते.

म्हणून लाइनबॅकरच्या बाबतीत रसिकांचा प्रश्न ‘तो चांगला आहे का?’ एवढाच नसतो. ‘तो आपल्याकडे बसेल का?’ हा खरा प्रश्न असतो. पुढे चार गडी व मागे तीन लाइनबॅकर अशी मांडणी असलेल्या संघात शोभून दिसणारा खेळाडू, पुढे तीन व मागे चार अशी मांडणी असलेल्या संघात अवघडून जाऊ शकतो. हे सामान्य रसिकालाही ठाऊक असते. आमच्या मते हा प्रश्न अत्यंत योग्य आहे; एवढेच नव्हे, तर तो समीक्षेच्या इतिहासातील एक जुना आणि प्रतिष्ठित प्रश्न आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात तोच विचारला होता. कमरेची मेखला गळ्यात घातली तर हसे होते. त्यात मेखलेचा दोष नाही आणि गळ्याचाही नाही. दोष आहे तो त्या दोहोंच्या संबंधात. औचित्य हा वस्तूच्या अंगचा गुण नव्हे. ते दोन गोष्टींमधले नाते आहे.

रसिकांचे चुकते ते येथे. ते प्रश्न नात्याविषयी विचारतात आणि उत्तर मात्र एकट्या खेळाडूविषयी देतात. ‘हा आपल्याकडे बसत नाही’ या वाक्यातील ‘आपल्याकडे’ हा शब्द हळूहळू गळून पडतो आणि ‘हा टाकाऊ आहे’ एवढेच शिल्लक राहते.

अ‍ॅरन करी याचे उदाहरण पाहावे. २००८ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम लाइनबॅकरला दिला जाणारा बट्कस पुरस्कार त्याला मिळाला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये सिअ‍ॅटलच्या संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्या वर्षातील सर्वांत निर्धोक निवड म्हणून तिचा बोलबाला झाला. वेग, ताकद, चारित्र्य, कशातच उणे नव्हते. परंतु ज्या प्रशिक्षकाने त्याला आणले तो एकाच हंगामानंतर गेला आणि २०१० साली पीट कॅरल आले. ऑक्टोबर २०११ मध्ये करीची रवानगी ओकलंडला झाली. त्याची जागा घेतली ती त्याच वर्षी चौथ्या फेरीत निवडलेल्या के. जे. राइट याने. हा राइट पुढे सिअ‍ॅटलकडे दहा हंगाम खेळला. करीची गणना आजही फसलेल्या निवडींच्या यादीत होते. त्याच्या खेळात उणिवा नव्हत्या, असे आमचे म्हणणे नाही. पण ‘निर्धोक’ हे विशेषण ज्यांनी दिले, त्यांनी फक्त माणूस मोजला होता. तो कोणाच्या हाताखाली, कोणत्या मांडणीत आणि किती काळ खेळणार, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. निवाडा चुकला तेव्हा मात्र खापर एकट्या माणसावर फुटले.

याची उलट बाजू १९९६ च्या ड्राफ्टमध्ये दिसते. बाल्टिमोरच्या संघाचा तो पहिलाच ड्राफ्ट. त्यांनी सव्विसाव्या क्रमांकावर रे लुइस याला घेतले. त्याच ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर, मायामीने झॅक टॉमस याला घेतले. टॉमसची उंची सहा फुटांना एक इंच कमी, आणि त्या मोजमापापायी त्याच्याआधी दीडशेहून अधिक नावे पुकारली गेली. मायामीचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वीच एका अनुभवी लाइनबॅकरला निरोप दिला आणि मधली जागा या नवख्याच्या हाती सोपवली. बाल्टिमोरने लुइसच्या पुढे दीडशे किलोंच्या घरातले टोनी सिरागुसा आणि सॅम अ‍ॅडम्स असे दोन गडी उभे केले. त्यांनी समोरच्यांना थोपवायचे आणि लुइसने मोकळ्या वाटेने चेंडूपर्यंत पोचायचे, अशी ती योजना होती. २००० च्या हंगामात त्या बचावाने सोळा सामन्यांत केवळ १६५ गुण दिले. सोळा सामन्यांच्या हंगामातील तो नीचांक ठरला. लुइस २०१८ साली आणि टॉमस २०२३ साली या खेळाच्या गौरवदालनात दाखल झाले. दोघांचेही कर्तृत्व निर्विवाद आहे. पण ‘बसणे’ ही त्यांनी एकट्याने पार पाडलेली क्रिया नव्हती. त्यांना कोणीतरी नीट बसवले होते. मराठीत बसणे आणि बसवणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. रसिकांच्या निवाड्यात बहुधा दुसऱ्याचा विसर पडतो.

येथे एक नैतिक मुद्दाही आहे, आणि आम्हांला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ड्राफ्टमध्ये संघ खेळाडूची निवड करतो. खेळाडू संघाची करीत नाही. एकविशी-बाविशीतला तरुण कोणत्या शहरात राहणार, कोणाच्या हाताखाली काम करणार, हे त्याच्या संमतीवाचून ठरते. एखाद्याने वेगळ्या संघाचा हट्ट धरलाच तर तो आगाऊ ठरतो. म्हणजे ज्या नात्याच्या एका पक्षाला निवडीचा अधिकार नाही, त्या नात्याच्या अपयशाचा सारा भार त्याच पक्षावर टाकला जातो. अशा निवाड्याची भाषाही मग बाजारपेठेची होते. हाताची लांबी, नितंबांचा सैलपणा, चाळीस यार्ड धावायला लागलेले सेकंद यांची चर्चा होते आणि ज्याच्याविषयी ती चालली आहे तो माणूस तिच्यात कोठेच नसतो. समीक्षेची परिभाषा काटेकोर असावी, हे आम्हांला मान्य आहे. पण परिभाषेच्या काटेकोरपणातून अनास्था आपोआप येत नाही. ती आपण आणतो.

यावर असा आक्षेप येईल की, संघ काही एका नवख्यासाठी आपली सारी मांडणी बदलू शकत नाही. जागा ठरलेली, काम ठरलेले. ज्याला जमेल त्याने राहावे. या आक्षेपात तथ्य आहे. आयझाया सिमन्स याच्या बाबतीत ते दिसते. क्लेम्सन विद्यापीठाकडून तो मागच्या फळीत, मधल्या फळीत, अगदी पुढेही खेळत असे, आणि २०१९ साली बट्कस पुरस्कार त्यालाच मिळाला. अ‍ॅरिझोनाने २०२० साली त्याला आठव्या क्रमांकावर घेतले. कोठेही खेळू शकणाऱ्या या खेळाडूची कोणतीच एक जागा पक्की झाली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सातव्या फेरीतील एका निवडीच्या मोबदल्यात तो न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाला देऊन टाकला गेला. अष्टपैलूपणाचे कौतुक करणे सोपे, त्याला घर देणे कठीण. तरीही या उदाहरणातून ‘तो बसत नव्हता’ एवढाच निष्कर्ष काढणे आम्हांला अपुरे वाटते. त्याला घेताना त्याची जागा कोणती हे ठरवले नसेल, तर निवडणाऱ्यानेही आपला प्रश्न पुरता सोडवलेला नव्हता, हेही म्हटले पाहिजे.

आणि प्रत्येक वेळी मांडणीच वरचढ ठरते असेही नाही. जायंट्सनीच १९८१ साली दुसऱ्या क्रमांकावर लॉरेन्स टेलर याला निवडले. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याचा क्वार्टरबॅकवरचा हल्ला असा होता की, वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांना केवळ त्याला आवरण्यासाठी आपल्या आक्रमणाची रचना बदलावी लागली. टेलर उपलब्ध साच्यात बसला का, हा प्रश्नच गैरलागू होता. साचाच बदलला, आणि तोही प्रतिपक्षाचा. टी. एस. एलियटने १९१९ साली परंपरेविषयी लिहिताना हेच प्रतिपादन केले होते. नवी कलाकृती परंपरेच्या व्यवस्थेत सामावते, तेव्हा ती आधीची व्यवस्थाही थोडी हलवते. सामावणे ही कसोटी खरी, पण ती दोन्ही बाजूंनी लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो. निवडीच्या रात्री दिलेल्या श्रेणीत नेमका हा वेळच नसतो.

मग रसिकांनी निवाडे देऊच नयेत काय? तसे आम्ही म्हणणार नाही. निवाडा हा रसिकतेचा हक्क आहे आणि तिचा आनंदही. शिवाय या रसिकांचा एक गुण आमच्या साहित्यव्यवहाराने घ्यावा असा आहे. ते आपल्या विषयाला सोडून जात नाहीत. ज्या खेळाडूवर एप्रिलमध्ये टीका केली, त्यालाच ते सप्टेंबरपासून दर आठवड्याला पाहतात, आणि जुने निवाडे पुढे वर्षानुवर्षे उकरून काढले जातात. पहिल्या कवितासंग्रहाचे परीक्षण लिहून त्या कवीकडे पुन्हा न फिरकणाऱ्या समीक्षकाला असा हिशेब कधी द्यावाच लागत नाही. आमचे मागणे एवढेच की, निवाडा देताना प्रश्न पुरा विचारावा. हा लाइनबॅकर आपल्या संघासाठी योग्य आहे का, हे विचारतानाच आपला संघ या लाइनबॅकरसाठी योग्य आहे का, हेही विचारावे. त्याच्या पुढे कोण उभे आहे? त्याला शिकवणार कोण? आणि तो शिकवणारा पुढच्या वर्षी तेथे असेल का?

उत्तरपत्रिकेवर, प्रबंधावर आणि नव्या पुस्तकांवर श्रेणी देणे हे आमचेही काम आहे. एखादा विद्यार्थी ‘या विषयात बसत नाही’ असा शेरा मारताना विषयाची मांडणी कोणी केली, कोणासाठी केली, आणि त्या विद्यार्थ्याने ती निवडली होती का, हे प्रश्न तेथेही लागू आहेत. अ‍ॅरन करी पुढे स्वतः लाइनबॅकरांचा प्रशिक्षक झाला. फसलेल्या निवडींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि नव्या मुलांना ती जागा कशी खेळायची हे शिकवण्याचे कामही त्याने केले आहे. ज्या श्रेणीत यांतली पहिलीच गोष्ट मावते, ती श्रेणी आम्हांला अपुरी वाटते.