ज्याला आपला रोग ठाऊक नाहीं

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरोघरीं इतक्या सहजपणें उच्चारिली जाते, कीं तिच्यांत सत्य किती व निष्ठुरपणा किती, याचा विचार करण्यास कोणी थांबत नाहीं. वस्तुतः केवळ वय वाढल्यानें बुद्धि नष्ट होत नाहीं. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा रोग आहे. १९०६ सालीं जर्मनींतील डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनीं एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूंत आढळलेले विकार विद्वानांच्या सभेपुढें मांडिले. त्या स्त्रीस १९०१ सालीं रुग्णालयांत आणिलें, तेव्हां तिचें वय अवघें ५१ वर्षांचें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ५ कोटी ७० लक्ष लोक स्मृतिभ्रंशानें पीडित होते.

या रोगाच्या एका लक्षणाकडे कुटुंबीयांचें लक्ष क्वचितच जातें. पुष्कळ रोग्यांस आपण रोगी आहों याची जाणीवच नसते. ज्वर आलेला मनुष्य औषध मागतो. स्मृतिभ्रंश झालेला मनुष्य मात्र ‘मला काय झालें आहे?’ म्हणून उलट रागावतो. तो खोटें बोलत नाहीं व हट्टही करीत नाहीं. आपली चूक ओळखण्याचें काम ज्या मेंदूनें करावयाचें, तोच मेंदू रोगानें ग्रासलेला असतो. बिघडलेल्या तराजूनें तराजूचाच दोष कसा मोजावा? फ्रेंच डॉक्टर झोझेफ बाबिन्स्की यांनीं १९१४ सालीं अशा अज्ञानास स्वतंत्र नांव दिलें. त्यांचे रोगी अर्धांगवायूचे होते. आपलें अंग लुळें पडलें आहे, हें त्यांस उमगत नसे.

आजोबांचें पाकीट सांपडत नाहीं. तें त्यांनींच उशीखालीं ठेविलेलें असतें. परंतु ठेविल्याची आठवण पुसली गेल्यामुळें ‘सूनबाईनेंच घेतलें’ असा त्यांचा निश्चय होतो. सून रडते, मुलगा पुरावा दाखवून वाद घालतो. तो पुरावा घटकेंत विसरला जातो. अपमानाचें शल्य मात्र मागें राहतें. म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे, कीं रोग्याकडून रोगाची कबुली मिळविण्याचा आग्रह सोडून द्यावा. ‘चला आजोबा, आपण दोघे मिळून शोधूं,’ एवढें वाक्य पुरे.

येथें एक शंका उद्भवेल. सत्य बोलावें असें आपण शाळेंत शिकतों. मग दिवंगत आजोबांची वाट पाहणाऱ्या आजीस काय सांगावें? ‘ते वारले’ असें प्रत्येक वेळीं सांगणें म्हणजे तिला प्रत्येक वेळीं नवें वैधव्य देणें होय. ‘आतां येतील’ म्हणणें हें असत्य होय. परंतु ‘आजी, तुला त्यांची फार आठवण येते ना? ते कसे होते, सांग पाहूं,’ या शब्दांत असत्यही नाहीं व क्रौर्यही नाहीं.

वाद घालूं नये, याचा अर्थ सावधगिरी सोडावी असा नव्हे. शेगडी, औषधें, पैशांचे व्यवहार आणि एकट्यानें रस्त्यावर जाणें, या बाबतींत घरच्यांनीं गाजावाजा न करतां व्यवस्था करावी. औषध आपल्या हातानें द्यावें. खिशांत पत्त्याची चिठ्ठी ठेवावी. डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करूं नये. कारण बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार अथवा मनाची खिन्नता यांमुळेंही विस्मरण होतें, आणि त्यांवर उपचार आहेत. ‘तुम्हांला वेड लागलें आहे’ असें म्हणून कोणीही दवाखान्यांत येणार नाहीं. ‘रक्तदाब आणि प्रकृति एकदां तपासून घेऊं’ म्हटल्यास बहुधा येईल.

विद्यार्थिमित्रांनो, ही शुश्रूषा पुष्कळदां घरांतील एकाच स्त्रीच्या वांट्यास येते. रोज अर्धा तास आजोबांजवळ बसून त्यांच्या गोष्टी, त्याच त्याच असल्या तरी, ऐका. तेवढीच तुमच्या आईस विश्रांति मिळेल. या सेवेबद्दल आभाराची अपेक्षा मात्र करूं नका. ज्याला आपण आजारी आहों हेंच ठाऊक नाहीं, त्याला तुमच्या सेवेचें मोल कसें कळावें? मातापित्यांचा मान राखावा ही आज्ञा आपण लहानपणापासून पाठ करीत आलों आहों. ती त्यांची स्मृति शाबूत असेपर्यंतच पाळावयाची, असें कोठेंही लिहिलेलें नाहीं.